आडवी लव्हाळी

१

लव्हाळ्याचं बी पेरणं हे बघणाऱ्याला कामच वाटत नाही. बी मोहरीपेक्षा बारीक, जोरात श्वास सोडला तरी उडून जाईल. आधी ते ओल्या वाळूत कालवून फ्रीजमध्ये ठेवायचं, म्हणजे त्याची समजूत होते की थंडी येऊन गेली. मग भिजवलेल्या मातीच्या ट्रेवर नुसतं भुरभुरायचं. वरून माती टाकायची नाही. या बीला उजेड लागतो. झाकलं की रुसून बसतं. फळीनं हलकं दाबायचं, पाण्याचे तुषार मारायचे आणि वाट बघायची.

हे सगळं मला माझ्या धाकट्या भावानं शिकवलं. त्याला घरात टिल्लू म्हणतात. जन्मला तेव्हा अगदी मूठभर होता म्हणून पडलेलं नाव. पुढे तो ताडमाड वाढला, ग्रीनहाऊसच्या दारातून वाकून आत येतो, पण नाव काही वाढलं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. नोकरी संपल्यावर घरात भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा मी त्याच्या रोपवाटिकेत सकाळच्या कामाला जायला लागले. दुपारी आपल्या घरी परत, जेवून आडवी.

त्या वर्षी आमच्याकडे तलावाचं काम होतं. शहराबाहेरच्या तलावाचा सिमेंटचा काठ काढून तिथे पुन्हा इथलीच लव्हाळी लावायची होती. बी टिल्लूनं स्वतः गोळा केलं होतं, रस्त्यापलीकडच्या दलदलीतून, गुडघाभर चिखलात उतरून. तिथे आता भराव पडलाय. त्यानं आणलं तेच शेवटचं.

बी छान उगवलं. रोपं वीतभर झाली, आणि एका सकाळी मी दार सरकवून आत गेले तर मधल्या लांब टेबलावरची रोपं आडवी पडलेली होती.

सगळी नाही. टेबलभर एकाला एक लावून ठेवलेले ट्रे, त्यांच्यावर दाट हिरवी मखमल, आणि त्या मखमलीत एक लांबट जागा. एका टोकाला गोलसर, मग रुंद, मग निमुळती होत गेलेली. ट्रेच्या कडांशी त्या जागेला काही देणंघेणं नव्हतं. एका ट्रेमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पुढच्यात ती सरळ गेली होती.

मांजर, मी मनाशी म्हटलं. मग माझं मलाच हसू आलं. एवढ्या मांजराला वाघ म्हणतात.

२

"माना टाकल्यात," टिल्लू म्हणाला. "पाणी जास्त झालं असेल."

तो बाकड्यावर बसून रोपं एकेक सुटी करत होता. त्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही, आणि ते मला खटकलं. एरवी एका रोपाचं पान पिवळं पडलं तरी हा माणूस दिवसभर तोंड पाडून फिरतो.

मी चष्मा लावून खाली वाकले. पाणी जास्त होऊन रोप मान टाकतं तेव्हा ते बुडाशी कुजतं, काळं पडतं. ही हिरवीगार होती. गवताची काडी चिमटीत गरगर फिरते, लव्हाळ्याची अडते, कारण तिला तीन धारा असतात. मी एकेक काडी फिरवून पाहिली. तिन्ही धारा शाबूत. रोपांना काहीही झालेलं नव्हतं. ती फक्त दाबली गेली होती, आणि दुपारपर्यंत हळूहळू उभी राहिली.

मी ट्रेंची जागा बदलली. या टोकाचे त्या टोकाला, मधले खाली, खालचे वर. पंख्यांचं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जागा पुन्हा तिथेच, टेबलाच्या मधोमध. वेगळी रोपं, तीच जागा. कोणी दांडगा चोरून येऊन झोपत असेल म्हणावं, तर आमचे ट्रे पापडासारखे; माणूस आडवा झाला असता तर पिचून गेले असते. एकालाही चीर नव्हती.

मी त्या जागेत तळहात टेकवला.

गरम होती. उन्हानं तापलेली माती वरवर तापते. ही ऊब तशी नव्हती. कोणी नुकतंच उठून गेल्यावर अंथरुणात हात घातला की लागते, तशी होती. मी हात झटकन मागे घेतला. आयुष्यभर पोरांना सांगत आले की एकदा पाहिलेलं पुन्हा पाहा, म्हणून परत ठेवला. तेवढ्यात ऊब उतरली होती. उतरतच होती, माझ्या हाताखाली.

म्हणजे जे काही होतं, ते मी दार सरकवलं तेव्हाच उठलं होतं.

मी हात पुसत उभी राहिले. पंखे घरघरत होते. टिल्लू पाठमोरा बसून शीळ घालत होता.

३

मी कोणाला काही बोलले नाही. काय बोलणार? बाईचं वय झालं, म्हणतील. पण त्याच आठवड्यात माझी भावजय माझ्याकडे फ्रीजमधल्या पिशव्या द्यायला आली. त्यांच्या फ्रीजमध्ये बियांना जागा उरली नव्हती आणि तिची त्यावरून रोज कुरबुर चाले.

"माझ्या संसारात भाजीला जागा नाही, चिखलाला आहे," ती म्हणाली. "ताई, तुम्ही म्हणून सहन करता. बरं, एक विचारू? हल्ली डबा पुरतो ना तुम्हाला?"

"कुठला डबा?"

"दुपारचा. हे म्हणाले, जास्त दे, आम्ही दोघं जेवतो. म्हणून मी दोघांचा देते. रोज अगदी चाटूनपुसून स्वच्छ होऊन येतो, म्हणून म्हटलं कमी तर पडत नाही ना."

मी दुपारी माझ्या घरी जेवते. ती गोष्ट तिच्यासमोर बोलायला माझी जीभ उचलेना. मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते: कोणी बाई असेल. आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. बाई असेल तर ऊब समजते, डबा समजतो, शीळही समजते. भावजयीचं घर मोडेल, पण जग तरी जागेवर राहील.

"पुरतो गं," मी म्हणाले. "छान असतो."

४

दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे निघाले, घरी जायचं म्हणून, आणि कोपऱ्यावरून परत फिरले. भर दुपार होती. ऊन असं की काचांकडे बघवत नव्हतं. दार अर्धं उघडं होतं. मी दाराशीच थांबले, कारण आतून काहीच आवाज येत नव्हता. वीज गेली होती. पंखे बंद, पाणी बंद. ग्रीनहाऊस इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं.

टिल्लू बाकड्याच्या मधोमध, माझ्याकडे पाठ करून बसला होता. पुढ्यात डबा. दुसरं कोणी नव्हतं. मी टेबलाखाली पाहिलं, कुंड्यांच्या मागे पाहिलं. लपायला तिथे जागाच नाही. सगळं काचेचं आणि जाळीचं.

मग मी टेबलाकडे पाहिलं. लव्हाळी आडवी होती. आणि मी बघत असताना ती उठू लागली.

आधी गोलसर टोक. मग रुंद भाग. रोपं सावकाश सरळ होत गेली, एखाद्यानं उठून बसावं, कड बदलावी, पाय खाली सोडावेत तशी. शेवटी टेबलाच्या कडेची तेवढी मूठभर दबलेली राहिली. क्षणभर. मग तीही सुटली.

टेबल आणि बाकडं यांच्यामध्ये, वर जागा नाही म्हणून, जमिनीवर ट्रे मांडलेले होते. त्यातली रोपं दबली. टेबलाजवळची आधी. मग थोडी पुढची. मागची उठली, पुढची दबली. एक पाऊल, आणखी एक पाऊल, टिल्लूच्या दिशेनं.

टिल्लूनं वळून पाहिलं नाही. तो बाकड्यावर थोडा बाजूला सरकला. डबा मधोमध ओढला. बसमध्ये किंवा दवाखान्यात आपण अनोळखी माणसाला जागा देतो तसं नाही. घरातल्याला देतो तसं, लक्षही न देता.

बाकडं करकरलं.

"दारात ताई आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "तिला घाबरू नकोस. ती चांगली आहे."

५

मी घरी कशी पोचले ते मला सांगता येणार नाही. संध्याकाळी टिल्लू आला. नखांत माती तशीच. माझ्या स्वयंपाकघरात नेहमीच्या खुर्चीवर बसला आणि चहा मागितला. मी चहा टाकला. साखर ओट्यावर सांडली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"बी उगवलं तेव्हापासून."

"कोण आहे ते?"

"मी विचारलं नाही."

"टिल्लू, विचारलं नाही म्हणजे काय?"

तो जरा विचारात पडला, शाळेत गणित अडलं की पडायचा तसा. "ताई, पहिल्या दिवशी माझी पण तुझ्यासारखीच गाळण उडाली होती. मग ते शेजारी येऊन बसलं. बोलत नाही, काही करत नाही. नुसतं बसतं. दिवसभर एकटा असतो गं मी तिथे. कोणी असलं तर बरं वाटतं."

"मी असते ना सकाळी."

"तू असतेस," तो म्हणाला. नखांतली माती टोकरत राहिला.

"आणि जेवण? ते कोण खातं?"

"मीच खातो सगळं. पण ते असलं की भूक लागते. खूप लागते." तो ओशाळून हसला. "बघ ना, वजन मात्र कमी होतंय. पँट खाली घसरते."

मी त्याच्या कमरेकडे पाहिलं. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक होतं.

मी त्याला तिथेच सांगितलं की लव्हाळी ताबडतोब द्यायची. रोपं लहान आहेत तर असू देत. तलावाच्या काठावर वाढतील. मला वाटलं होतं तो भांडेल. मी भांडणाची तयारी करूनच बसले होते.

"चालेल," तो म्हणाला. "त्यालाही पाण्याकडेच जायचं असेल. कुठवर टेबलावर झोपणार?"

६

तलावाचे इंजिनीयर खूश झाले. काम वेळेआधी होतंय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? ट्रे टेम्पोत चढले, टेबलं उघडी पडली. माणसं उथळ पाण्यात ओळीनं उभी राहून रोपं लावू लागली. बरोबरचा मुकादम मोठा बोलका होता, प्रत्येक ट्रेला काहीतरी विनोद. टिल्लूही पँट दुमडून पाण्यात उतरला. मी काठावर छत्री धरून बसले होते आणि त्याच्यावरून नजर हलवत नव्हते.

पाणी त्याच्या गुडघ्याखाली होतं. हे मी मुद्दाम सांगते आहे. गुडघ्याखाली.

शेवटची ओळ लावताना तो थांबला. त्यानं डावीकडे पाहिलं, कोणी हाक मारल्यासारखं. मग थोडा बाजूला सरकला. आणि खाली गेला.

पडला असं मी म्हणणार नाही. पडणारा माणूस हात फेकतो, पाणी उडतं. तो सरळ खाली गेला आणि पाणी मिटलं. माणसं हसली. मुकादम म्हणाला, "अहो साहेब, अंघोळ घरी करा." मग हसणं थांबलं, कारण तो वर येईना.

ते सगळे तिथे धावले. गुडघाभर पाण्यात ती माणसं वाकून हात फिरवत होती, चिखल उपसत होती. माझा सहा फुटी भाऊ तिथे नव्हता. मी छत्री टाकून पाण्यात उतरले. पायाखाली नुसता मऊ गाळ आणि लव्हाळ्याची मुळं. मी त्याला हाका मारत होते. मुकादमाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी इथे आहे," टिल्लू म्हणाला.

तो आमच्या मागे, आधी लावलेल्या लव्हाळ्यात उभा होता. चिंब भिजलेला, केसांतून पाणी गळतंय, आणि हसतोय.

"पाय घसरला," तो म्हणाला. "एवढं काय?"

मुकादम माझ्याजवळ येऊन अगदी हळू बोलला. "बाई, तिथेही आम्ही हात घातला होता."

७

त्यानंतर सगळं ठीक झालं. हेच सांगायला कठीण आहे. टिल्लू आनंदात होता. दुपारी घरी येऊन जेवायला लागला, भावजयीला फ्रीज रिकामा करून दिला. ग्रीनहाऊसमध्ये उरलेले थोडे ट्रे होते. त्यातली लव्हाळी ताठ उभी असायची, रोज सकाळी, एकही काडी वाकलेली नाही. मी तळहात टेकवून पाहायचे. मातीइतकीच गार. मी सुटले असं मला वाटलं. त्या दिवशी पाण्यात एखादा खोल खड्डा असेल आणि घाबरल्यामुळे आम्हाला दिसला नसेल, असंही मी स्वतःला पटवलं. पटवायला बसलं की माणसाला काहीही पटतं.

मग भावजय आली. या वेळी हातात काही नव्हतं. खुर्चीवर बसली नाही, दाराला टेकून उभी राहिली.

"ताई, हसू नका."

"नाही हसत."

"हे रात्री माझ्या शेजारी झोपतात. मला दिसतात. घोरतातसुद्धा. पण गादी..." तिनं पदराचं टोक पिळलं. "माझ्या बाजूला गादी खचते. यांच्या बाजूला नाही. आधी यांच्या वजनानं मी सारखी घरंगळून तिकडे जायचे, आठवतंय, मी चेष्टा करायचे? आता सकाळी यांच्या बाजूची चादर पाहिली तर इस्त्री केल्यासारखी. एक सुरकुती नाही."

"तू त्याला विचारलंस?"

"काय विचारू? जेवतात, हसतात, माझ्याशी पूर्वीपेक्षा गोड बोलतात." तिचे डोळे भरून आले होते, पण रडली नाही. "कोणाला सांगू नका, ताई. नाहीतर काय होईल कोणास ठाऊक. आहेत ते तरी असू देत."

मी तिला जवळ घेतलं.

८

रोपं कशी लागलीत ते बघायला टिल्लूला तलावावर जायचंच होतं. मी म्हटलं, मीही येते.

लव्हाळी जोरात वाढली होती. कमरेएवढी, गच्च, वाऱ्यावर एका अंगाला लवणारी. काठावर चिटपाखरू नव्हतं. टिल्लूनं चपला काढल्या आणि तण उपटायला तो आत शिरला. मी काठावर उभी राहून पाहत होते. मला बघायचं नव्हतं, आणि बघितल्याशिवाय परत जाताही आलं नसतं.

तो लव्हाळ्यातून चालत गेला आणि लव्हाळी बाजूला झाली नाहीत.

वारा आला की सगळी लवत होती. त्याच्यासाठी एकही काडी लवली नाही. त्याच्या पायांशी, त्याच्या गुडघ्यांशी काड्या तशाच ताठ उभ्या. तो खाली वाकून काहीतरी उपटत होता, हात हलत होते, आणि त्याच्या हातात काहीच येत नव्हतं. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. शीळ घालत होता. काठावरच्या ओल्या मातीत मी पाहिलं. माझ्या पावलांचे ठसे होते. फक्त माझ्या.

मी त्याच्यावरून नजर काढली, कारण आणखी बघवेना. आणि पलीकडे, जिथे तो त्या दिवशी खाली गेला होता तिथे, लव्हाळी आडवी दिसली.

एक लांबट जागा. एका टोकाला गोलसर, मग रुंद, मग निमुळती. टेबलावरच्या त्या जागेपेक्षा लांबीला खूप जास्त. आमच्या घरात एवढ्या उंचीचा एकच माणूस आहे.

मी पुढे झाले. पाण्यात पाय घातला. त्या जागेतली लव्हाळी हलली. जरा उठली, पुन्हा दबली, पुन्हा उठली. कोणीतरी उठायचा प्रयत्न करत होतं, आणि त्याला जमत नव्हतं.

"तिकडे जाऊ नकोस, ताई," माझ्या मागून टिल्लूचा आवाज आला. अगदी जवळून. मी त्याला पाण्यातून येताना ऐकलंच नव्हतं. "खूप चिखल आहे. अडकशील."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी मान वळवून पाहिलं. त्याचाच हात. अंगठ्यावर लहानपणी कात्री लागल्याची खूण, नखांत माती. पाची बोटं माझ्या साडीवर नीट टेकलेली मला दिसत होती.

खांद्याला काहीच कळत नव्हतं.

"चल, घरी जाऊ," तो म्हणाला. "ऊन लागेल तुला."